प्रवासाचं कारण

बाईंनी काचेखालच्या फटीतून पासपोर्ट बाहेर सरकवला आणि वही पुढे केली. "इथे सही करा, साहेब. व्हिसा लागलाय. दहा तारखेपर्यंत चालेल."

समोरच्या इंजिनियरांनी पासपोर्टला हात लावला नाही. सहीही केली नाही.

सकाळपासूनचा हा एकेचाळिसावा माणूस. शेजारच्या देशाच्या दूतावासातल्या या खिडकीवर फक्त सरकारी पासपोर्टवाले येत. मंत्र्यांचे सचिव, लष्करातले अधिकारी, कुठल्या कुठल्या शिष्टमंडळांतली माणसं. प्रत्येकाला घाई, प्रत्येकाची वरपर्यंत ओळख. बोलून बोलून बाईंचा घसा बसला होता. टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, कारण सुजलेले पाय आता त्यांत मावत नव्हते.

इंजिनियर मात्र आले की बाईंना बरं वाटायचं. दोन देशांतून वाहणाऱ्या एका नदीचं पाणी मोजायचं आणि वर्षातून एकदा पलीकडे बैठकीला जाऊन आकडे जुळवायचे, हे त्यांचं काम. गेली बावीस वर्षं ते याच महिन्यात येत. 'प्रवासाचं कारण' या रकान्यात तेच तीन शब्द लिहीत, 'नदीच्या पाण्याची बैठक' असं काही नाही, नुसतंच 'सरकारी काम आहे'. त्यांच्या अर्जात बाईंना कधी खाडाखोड सापडली नव्हती.

"काय झालं? नावात चूक आहे का?"

"नाही हो. बैठक पुढे गेली. काल संध्याकाळी आमच्याकडे पत्र आलं. आता पुढच्या महिन्यात."

"मग त्यात काय? नवीन पत्र आणा, मी तारीख बदलून देते."

"पुढच्या महिन्यात मी नसेन. एकतीस तारखेला रिटायर होतोय. पासपोर्ट त्याच दिवशी जमा करायचा." त्यांनी पिशवीतून कागद काढले. "माझ्या जागी जो येणार आहे, त्याचा हा अर्ज. हा ठेवून घ्या, आणि माझा व्हिसा रद्द करा."

बाईंनी कागद चाळले. सगळे जिथल्या तिथे होते. अक्षर इंजिनियरांचंच.

"पुढे कधी जावंसं वाटलं तर साध्या पासपोर्टवर..." बाई म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. साध्या पासपोर्टवाल्यांना पलीकडे जाणं नऊ वर्षांपासून बंद होतं. ते सांगणारी पाटी त्यांनीच खालच्या मजल्यावर लावून घेतली होती.

"माझा थोरला भाऊ असतो तिकडे," इंजिनियर म्हणाले. "बैठक संपली की संध्याकाळी तो माझ्या हॉटेलवर यायचा. दोन तास बसायचा. तेवढीच आमची वर्षाची भेट. यंदा तो अंथरुणातून उठत नाही, म्हणून मीच त्याच्या घरी जाणार होतो."

"कळवलंत त्यांना?"

"अजून नाही. सकाळी वहिनींचा फोन होता. म्हणाल्या, न्हाव्याला घरी बोलावलंय. धाकट्या भावासमोर दाढी वाढलेली नको म्हणतोय तो."

बाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या वरिष्ठ साहेबांची खोली बंद होती. त्या काचेजवळ वाकल्या.

"बैठक पुढे गेल्याचं पत्र आमच्याकडे आलेलं नाही. यायला चार दिवस जातात. तुम्ही बोलला नसतात, तर मला कळलंही नसतं."

"खरंय."

"मी काही ऐकलेलं नाही, साहेब."

इंजिनियर म्हणाले, "उद्या कुणी चौकशी केली, तर व्हिसावर सही कुणाची निघेल?"

बाईंनी पायानं चाचपत चपला शोधल्या आणि उठल्या. "मी चहा घेऊन येते. चांगली दहा मिनिटं लागतील मला." पासपोर्ट काचेच्या बाहेरच होता, इंजिनियरांच्या बाजूला. वहीही बाईंनी मिटून ठेवली.

आतल्या खोलीत त्यांनी चहा ओतून घेतला. पिववेना. तरी कप धरून त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. बावीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला सीमेवरच्या नाक्यावर कोण अडवणार होतं? उचला आणि जा, त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. जा हो, जा. दहाची पंधरा मिनिटं झाली. चहावर साय धरली. त्यांनी कप बेसिनमध्ये पालथा केला आणि पाय ओढत त्या परत आल्या.

बाकं रिकामी झाली होती. इंजिनियर खिडकीशी तसेच उभे होते. पासपोर्ट त्यांनी फटीतून पुन्हा आत सरकवला होता, व्हिसाचं पान उघडून. पान मिटू नये म्हणून त्यावर आपलं चष्म्याचं घर आडवं ठेवलं होतं.

बाई बसल्या. चष्म्याचं घर उचलून त्यांनी बाजूला ठेवलं. शिक्का शाईत बुडवला, पानावर टेकवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरला. 'रद्द' ही अक्षरं ठळक उमटली. त्यांनी खाली सही केली आणि पासपोर्ट मिटायला घेतला.

"थांबा, बाई," इंजिनियर म्हणाले. "उघडाच राहू दे जरा. शाई ओली आहे, समोरच्या पानाला लागेल. तिथे गेल्या वर्षीचा व्हिसा आहे."