बारदाना वजा

"तेवीस!" सटवाजी मापाड्यानं काट्याकडं बघून आरोळी ठोकली. "बारदाना तीन वजा. वीस किलो माल!"

सेलूच्या जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गाठोड्यांच्या रांगेत, कमलबाईची नवी कोरी निळी बॅग तोलली गेली. बोरीहून कापूस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर नवरा-बायको बॅगेसकट चढून बसले होते. परवा कमलबाई विमानानं स्वीडनला निघणार होती. एकटी. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला.

खरं तर लेकीचं पत्र आलं त्या दिवसापासूनच बाई जमिनीवर नव्हती. वत्सलानं लिहिलेलं सगळं तिला तोंडपाठ. कानाला दडे बसले तर खडीसाखर चघळ. विमान बदलताना सोबतची चिठ्ठी दाखव, लाजू नको. इकडं दुपारी तीनलाच दिवेलागण होते, भिऊ नको. बर्फ म्हणजे जिनिंगात उडते ती रुईच, फक्त गार. गरम कपडे अंगावर घालून ये, अंगावरचं कुणी तोलत नाही. चुलीपुढं बसलं तरी बाईच्या डोळ्यांपुढं पांढरं काहीतरी भुरभुरत राही, आणि इकडं भाकरी करपून जाई.

नवऱ्यानं, किशनरावांनी, खिशातलं पत्र पुन्हा उघडलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"आगं, इमानात बॅगेसकट वीसच चालतंय लिवलंय. बॅगेसकट!"

"आसं कसं?" सटवाजी भडकला. "बारदाना वजा केल्याबिगर तोल आसतोय व्हय? काय अंधेर हाय का काय!" उभा जन्म पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन सोडून माल मोजलेला माणूस तो. त्याला ही सरळसरळ लबाडीच वाटली.

"तीन किलो कमी करावं लागतंय," किशनराव म्हणाले. "ती वाकळ काढ. तिथं घरं गरम आसत्यात म्हणं."

आता मात्र बाई भानावर आली. वाकळीत तिच्या आईचं लुगडं शिवलेलं होतं, सासूचं होतं, मागाहून जोडलेला वत्सलाचा पहिला परकर होता. वत्सला जन्मली ती ह्याच वाकळीवर. पंधरा दिवस बसून बाईनं उसवलेले टाके पुन्हा घातले होते.

"डिंकाचे लाडू काढा. माजी लुगडी काढा. पर वाकळ ऱ्हाऊ द्या," बॅग धरून ती म्हणाली. "परक्या मुलखात लेकरू आपल्या मान्साच्या पदराबिगर निजंल व्हय?"

"मग तिथं नेसशील काय, आन् लेकीला चारशील काय?" किशनराव बॅगेवर वाकले.

तिनं त्यांचा हात बाजूला केला. स्वतःच वाकळ ओढून काढली, उलगडली, खांद्यावरून घेऊन अंगाभोवती घट्ट लपेटली.

"आगं, काय करायलीस?"

"आंगावरचं कुनी तोलत न्हाई म्हणं!"

हमाल खो खो हसले. किशनरावांनाही हसू आवरेना. "तुज्या वज्यानं इमान उडायचं न्हाई बघ!"

"बघूच की," म्हणत ती रिकाम्या पारड्यात जाऊन बसलीसुद्धा.

सटवाजीनं दुसऱ्या पारड्यात एकेक माप चढवलं. पारडं हललं आणि जमिनीवरून उचललं गेलं. कमलबाईचे पाय अधांतरी लोंबले. जन्मात पहिल्यांदा. मशिनीतून उडालेली रुई हळूहळू खाली येत होती, तिच्या केसांवर, वाकळीच्या टाक्यांवर बसत होती. तिनं डोळे मिटले. पारडं सावकाश झुलत होतं. दुपारचे तीन वाजले असतील. तिला जराही भीती वाटली नाही.

"एक्कावन्न!" सटवाजी ओरडला, आणि सवयीनं विचारून गेला, "बारदाना किती धरू, वैनी?"

"काईच धरू नका, भावजी," डोळे न उघडता ती वरूनच म्हणाली. "समदा मालच हाय."