शंभर पाण्यांचं तूप

"अडुसष्ट," म्हणत भागीरथीबाईंनी डावीकडच्या वाटीतला चिंचोका उजवीकडच्या वाटीत टाकला. तांब्याच्या परातीतलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात ओतलं, तुपावर नवं पाणी घेतलं, आणि त्यांचा तळहात पुन्हा गोल फिरू लागला.

तूप घरच्या गाईचं. घोडेगावच्या बाजारातून आणलेली गावरान गाय मागच्या अंगणात बांधलेली होती, आणि तिच्या शेणखतावर गुलाब, कोरफड, माका, जास्वंद असं सगळं तरारलेलं. केसांचं तेल, डोळ्यांचं काजळ, न्हायची शिकेकाई, काहीच दुकानातून यायचं नाही. कातडीला हे धुतलेलं तूप. शंभर पाण्यांनी धुतलं की ते लोण्याहून पांढरं होतं, आणि तुपाचा वाससुद्धा उरत नाही.

वृषाली उंबऱ्यात बसून बघत होती. मांडीवर आठ महिन्यांची यशोधरा. खाजवू नये म्हणून पोरीच्या दोन्ही हातांना पायमोजे बांधलेले. गाल लालभडक, कोपरांच्या लवणीतून पाणी सुटलेलं. तीन आठवडे ती सलग दोन तास झोपली नव्हती, आणि वृषालीही.

"आत्या, घरचं काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय."

"डाक्टर शिकल्याला मानूस हाय. त्येला मी कशाला न्हाई म्हनू?" भागीरथीबाई म्हणाल्या. "एकुनसत्तर."

वृषाली बी.एस्सी. झालेली. परातीवर घोंगावणारी माशी तिला दिसत होती, सासूच्या नखांतली माती दिसत होती. नवरा भीमराज श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात, रविवारी यायचा आणि म्हणायचा, "तुम्ही दोघी मिळून ठरवा. मला मधी घेऊ नका."

मग तिनं एकटीनंच ठरवलं. सासूशी भांडायचं नाही. आणि तिचं ऐकायचंही नाही.

रोज संध्याकाळी भागीरथीबाई वाटीत बोटभर तूप द्यायच्या. वृषाली आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. तूप खिडकीतून गुलाबाच्या मुळाशी जायचं. मग ती फडताळाच्या वरच्या फळीवरून डॉक्टरांची डबी काढायची. त्यातलं मलमही पांढरंच, बिनवासाचं. पुरावं म्हणून नखाच्या टोकावर मावेल एवढंच घ्यायची.

"लावलं का गं?"

"लावलं."

आठ दिवस झाले. गालावरचा लाल रंग हटेना.

नवव्या दिवशी भागीरथीबाई झाडांना पाणी घालता घालता म्हणाल्या, "गुलाबाला मुंग्या लई लागल्यात."

"हळद टाकते," वृषाली म्हणाली. त्या दिवसापासून तूप कोरफडीच्या कुंडीत जाऊ लागलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा हिशेब चुकला. चिंचोके नव्व्याण्णवच भरले. त्यांनी जात्याखाली पाहिलं, चटईखाली पाहिलं. शेवटी भीमराजच्या जुन्या सदऱ्याची गुंडी तोडून वाटीत टाकली. "एक कुठं गेला कोन जाने. ऱ्हाऊ दे. ही शंभरावी."

वृषालीला हसू आलं. चिंचोक्यांवर चालणारं औषध.

एकदा मात्र फळीवरची डबी जागची हललेली दिसली.

"झुरळं झाली हुती. झाडून काढली," भागीरथीबाई म्हणाल्या.

वृषालीनं झाकण उघडलं. मलम सपाट, गुळगुळीत. कुणाच्या बोटाची खूण नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि मग मलम लागू पडलं. चार दिवसांत लवणीतलं पाणी आटलं. दहाव्या दिवशी गालांवरचे चट्टे फिके पडले. एका रात्री यशोधरा न रडता झोपली ती सकाळी गाईच्या हंबरण्यानंच जागी झाली. वृषालीनं पायमोजे सोडले. पोरीनं मोकळ्या मुठीनं तिचं नाक धरलं, आणि वृषाली हसता हसता रडली.

शेजारच्या मेहताबचाची कुंपणावरून डोकावल्या. "भागीरथीताई, पोरीचे गाल तर चमकाया लागले. माझ्या टाचांना बी दे की थोडं."

"घेऊन जा. शंभर पान्याचं हाय. टाचा काय, म्हशीचं शिंग बी मऊ व्हईल!"

वृषालीनं ओठ दाबून धरले. दोन दिवसांत अख्ख्या गल्लीत सासूच्या तुपाचं नाव झालं. आता हे किती दिवस ऐकून घ्यायचं?

महिना भरला तशी ती म्हणाली, "आत्या, तपासणीला तुम्हीही चला."

"येते की."

केडगावहून रिक्षानं तिघी नगरला गेल्या. डॉक्टरांनी यशोधराला उजेडात धरलं, कोपरं उलगडून पाहिली, मान वळवून पाहिली.

"वा! एवढ्या लवकर इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. घरचं काही लावलं नाहीत ना?"

या प्रश्नाची वृषाली महिनाभर वाट पाहत होती. ती सासूकडे वळली.

"एकदाही नाही. आत्या, रागावू नका. तुमचं तूप मी रोज झाडांना घातलं. यशूला लागलं ते फक्त डॉक्टरांचं मलम."

भागीरथीबाईंनी पदर सारखा केला. "व्हय. झाडं बी लई तजेलदार झाली."

डॉक्टर हसले. "डबी आणलीय? बघू किती उरलंय."

वृषालीनं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. परीक्षेत पहिली आल्यासारखं तिला वाटत होतं.

डॉक्टरांनी लाकडी पट्टी आत घातली. तळाशी काहीतरी टणक लागलं. त्यांनी ते उचकटून कागदावर काढलं आणि कापसानं पुसलं.

तपकिरी, चकचकीत.

यशोधरा तोंडात मूठ घालून खुदुखुदु हसत होती. भागीरथीबाईंनी हात लांबवून चिंचोका उचलला, पदराला पुसला आणि कनवटीला लावला.

"शंभर," त्या म्हणाल्या.