जांभळीची सावली

कळमनुरीजवळच्या आपल्या माळावर गोजरबाईंनी गुरं सोडणं बंद केलं आणि दोन-तीन पावसाळ्यांतच पाखरांनी टाकलेल्या बियांतून रानजांभळीची रोपं उगवली. आता ती गुडघ्याएवढी झाली होती. "रान आपलं आपण येतं, आपण फक्त आडवं यायचं न्हाई," असं त्या ठणकावून सांगायच्या.

ज्येष्ठातल्या भर दुपारी त्यांचे धाकटे दीर उत्तमराव शेळ्या घेऊन कुंपणाशी आले.

"वहिनी, उघडा. एवढ्याशा रोपांपायी काहून तकलीफ देऊन राहिल्या?"

"न्हाई उघडणार. तुमी एकले आत या, भाऊजी. बघा तर खरं."

उत्तमराव तणतणत आत शिरले. रोपांच्या मधोमध पोचताच त्यांच्या घामेजल्या पाठीवर गारवा पसरला. त्यांनी खाली पाहिलं. पायाशी दाट सावली हलत होती. वर पाहिलं, तर नुसतं मोकळं आभाळ.

टप्‌कन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काहीतरी पडलं. जांभळा डाग पसरत गेला.

"पिकलंय," गोजरबाई हरखून म्हणाल्या.

"वहिनी, गप ऱ्हा." उत्तमराव वरचा कानोसा घेऊ लागले.

वर, रिकाम्या आभाळात, फांदी करकरली. मग तिच्याखालची. मग त्याहून खालची.