रंगखात्यातलं इंग्रजी

"पुन्हा म्हणा. आय ऑलवेज वेअर ग्लोव्हज. मी नेहमी हातमोजे घालते," मास्तर म्हणाले.

कापड रंगवायच्या कारखान्यात परदेशी बाई तपासणीला येणार होत्या, म्हणून मॅनेजरसाहेबांनी सकाळीच इंग्रजीचे मास्तर धरून आणले होते. मास्तर भला माणूस. ऑलवेज म्हणजे नेहमी, नेव्हर म्हणजे कधीच नाही, टुडे म्हणजे आज, यस्टरडे म्हणजे काल, असं मन लावून शिकवत बसले. साहेब वैतागले. बायकांना अर्थ कशाला हवा? पोपटासारखं बोला आणि सुटा! जिचं वाक्य चुकेल तिने घरी बसावं, हेही त्यांनी सांगून टाकलं. मग रबरी मोज्यांचे कोरे जोड वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बोटं मुडपता मुडपेनात.

बाई आल्या त्या थेट निळ्या रंगाच्या हौदापाशी, मागोमाग साहेब आणि मास्तर. तिथे दोघी जावा कामाला होत्या. धाकटीची बोटं रसायनाने इतकी चिरली होती, की घरी तिला पोराच्या सदऱ्याचं बटणही लावता येत नव्हतं. तरी तिने मान खाली घालून पढवलेलं वाक्य म्हटलं. ते ऐकून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई तिच्याकडे वळल्या. थोरली म्हणाली, "ग्लोव्हज टुडे. यस्टरडे, नेव्हर."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हिला इंग्रजी येत नाही, काहीतरीच बरळते, असं ते बाईंना हसत हसत समजावू लागले. बाई काही हसल्या नाहीत. तेव्हा साहेब थोरलीच्या जवळ सरकले आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून आपल्या भाषेत पुटपुटले, "उद्यापासून येऊ नकोस."

थोरली धाकटीकडे बघत राहिली. धाकटी रडत होती. पोटावर पाय येणार हे दोघींनाही कळत होतं. मग थोरलीने मागे वळून विचारलं, "मास्तर, उद्याला काय म्हणतात?"

मास्तरांचं पोटही साहेबांच्याच हातात होतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"टुमॉरो."

थोरलीने मोजे ओढून काढले, कोपरापर्यंतचे निळे हात कमरेवर ठेवले आणि बाईंना म्हणाली, "यू कम टुमॉरो."