कागदी कप बंद

आपल्या कॉफीच्या दुकानावरच्या कचेरीत कागदी कप बंद होणार हे कळताच स्त्रातोसने मनातल्या मनात नफा मांडला. कडीला धरलेल्या टांगत्या तबकातून चिनी मातीच्या कपात कॉफी पोचवणारा, आणि तेच कप धुऊन पुन्हा भरणारा, थेसालोनिकीच्या त्या गल्लीत तो एकटाच उरला होता. त्याने उसनवारी करून नवे कप आणले.

"स्त्रातोसकाका, तोंड गोड करा! पर्यावरणासाठी आम्ही कॉफीचं मशीन घेतलं," कचेरीची साहेबीण फोतिनी म्हणाली.

"आणि माझे कप गं, पोरी?"

"अहो, ते म्हणजे आपली परंपरा! भिंतीवर फोटो लावलाय ना त्यांचा."

महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं.

 

स्त्रातोस अजूनही रोज तो जिना चढतो. मशीन एकेका कपामागे एकेक फेकून देतं, त्या कॉफीच्या रिकाम्या प्लास्टिक कॅप्सूलांची कचऱ्याची पिशवी खाली आणायला.