वरचा गंधार

"तुमचं पद किती मिनिटांचं आहे, काकू?" यज्ञेशनं तिसऱ्यांदा विचारलं.

"सात मिनिटं वीस सेकंद. मगाशीही तेवढंच होतं."

"थोडं वाढवलंत तरी चालेल." त्यानं फोनकडे पाहिलं आणि तो घाईघाईनं बाहेर गेला.

प्रमोदिनीला आश्चर्य वाटलं. गेल्या वर्षी कार्यक्रमाची वेळ सांभाळणाऱ्या याच यज्ञेशनं तिचं गाणं चालू असताना विंगेतून मनगटावर बोट आपटून दाखवलं होतं.

कर्जतच्या वाचनालयाचा वर्धापनदिन दरवर्षी रविवारी सकाळी होई. आधी अर्धा तास गावातले कलाकार, मग पुण्याहून आलेले मोठे गायक. प्रमोदिनी अकरा वर्षं त्या अर्ध्या तासात एक नाट्यपद गात आली होती. टाळ्या दरवर्षी मिळत. टाळ्या काय, सतरंज्या उचलणाऱ्यालाही मिळत. तिला हवा होता वन्स मोअर. तो या सभागृहात कुणी भिडेखातर देत नसे. दातांच्या डॉक्टरांना एकदा मिळाला होता. बँकेतल्या सुरभीला दोनदा.

साजगावच्या रंगाच्या कारखान्यात ती केमिस्ट होती. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. फोनवर सूर मोजणारं एक ॲप होतं. दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर तिचा वरचा गंधार चौदा भाग खाली पडत होता. कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती रोज तेवढाच सूर घोळवी. रोजचा आकडा प्रयोगशाळेतल्या जुन्या रजिस्टरमध्ये लिही. चौदा, अकरा, नऊ. या महिन्यात तीनवर आला होता.

"तीन भाग कुणाला कळणारेत?" तिचा नवरा हेमचंद्र म्हणे.

"मला."

"मग तूच ओरड ना वन्स मोअर."

आज सकाळी मात्र त्यानं एकही टोमणा मारला नव्हता. "आज मिळेल बघ तुला," एवढंच म्हणाला होता. त्यामुळे ती आणखीच अस्वस्थ झाली.

"ताई, पाणी प्या," नवनाथ म्हणाला. तो कुंभिवलीचा. एरवी टेंपो चालवायचा आणि तबला झकास वाजवायचा. "किती वेळा घड्याळ बघताय."

"बघत नाहीये."

"बरं, नाय बघत. मी हाय ना मागं. तुमी नुसतं गा."

तिचं नाव पुकारलं गेलं.

ती गायली. वरच्या गंधाराला पोचताना तिनं डोळे मिटले. ॲपची हिरवी रेघ तिला डोळ्यांपुढे दिसली. सूर रेघेवर बसला. मग तिनं पद जसं बसवलं होतं तसंच संपवलं. घड्याळ पाहिलं असतं, तर सात मिनिटं वीस सेकंदच भरले असते.

टाळ्या झाल्या. दरवर्षीएवढ्याच. तिनं तंबोऱ्याचं यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"वन्स मोअर!"

डाव्या कोपऱ्यातून चारपाच आवाज एकदम आले. ती तशीच थांबली. पुन्हा तोच पुकारा झाला. तिनं मागे वळून नवनाथकडे पाहिलं.

"बघता काय? मागतायत ना!" तो हसला आणि त्यानं ठेका धरला.

दुसऱ्यांदा गाताना तिला रेघ दिसली नाही. रजिस्टर आठवलं नाही. एक तान तिनं कधी बसवलीच नव्हती, ती आपोआप आली. नवनाथनं मागून "वा!" म्हटलं. गंधारावर ती किती वेळ थांबली, ते तिला सांगता आलं नसतं. तो वर होता की खाली, तेही नाही.

पद संपलं. मग पुन्हा मागणी आली. एक आवाज मागून, एक बायकांच्या रांगेतून, एक कुठून कळलंच नाही. पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. यज्ञेश दोन्ही हात हलवत डाव्या कोपऱ्याकडे धावला. त्यालाही आनंद झालाय, असं तिला वाटलं. ती तिसऱ्यांदा गायली.

पाऊण तासानंतर ती मागच्या व्हरांड्यात उपम्याची बशी घेऊन उभी होती. आत पाहुण्यांचं गाणं रंगलं होतं. हेमचंद्र शेजारी चहा पीत होता. यज्ञेश आला, तो हात जोडूनच.

"काकू, आज तुम्ही वाचवलंत."

"कशातून?"

"पाहुण्यांची गाडी घाटात अडकली होती. कंटेनर आडवा झालेला. दहा मिनिटं कशी काढायची? मग बॅडमिंटनच्या पोरांना डाव्या बाजूला बसवलं. म्हटलं, काकूंचं संपलं की ओरडा."

प्रमोदिनीनं बशी कठड्यावर ठेवली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"यज्ञेशनं सकाळी फोन केला होता," हेमचंद्र म्हणाला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

अकरा वर्षं. मग कंटेनर. उद्या बसमध्ये बसायचं आणि खिडकीकडे तोंड करून काय करायचं, ते तिला सुचेना.

"ठीक आहे," ती म्हणाली. "दोन वेळा ओरडून त्यांचेही घसे बसले असतील. माझ्याकडून आभार सांग."

"दोन वेळा कुठे? एकदाच ठरलं होतं," यज्ञेश म्हणाला. "तुम्ही दुसऱ्यांदा गात होतात तेव्हाच गाडी दारात आली. पाहुणे खोळंबले, म्हणून मी पोरांना गप्प करायला धावलो, तर पोरं गप्पच होती."