काजलची शुद्ध मराठी

शहाद्याच्या भूपेशला शेजाऱ्यांना काही विचारणं कमीपणाचं वाटे. मत कुणाला द्यावं इथपासून केळीवरच्या करप्यापर्यंत सगळं तो फोनवरच्या ग्रुपमध्ये अनोळखी माणसांना विचारी. लेक काजल बोबडं बोलू लागली, तसं त्याने तिथेच विचारलं, "हिची मराठी शुद्ध कशी होईल?"

"घरात अहिराणी बंद करा," उत्तरं आली.

"माय, पोरना समोर अहिराणी बोलू नको," त्याने आईला बजावलं, तेही अहिराणीतच.

"माले दुसरं काय येस रे, भाऊ? गपच ऱ्हासू मंग," गजराबाई हसली.

चार वर्षांनी शाळेच्या बाई घरी आल्या. काजलच्या बोलण्याचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, तशी ती आणखीच खुलली.

"बाई, ही माझी आजी. तिला बोलता येत नाही."

भूपेश काही सांगणार, तोच गजराबाईने मुकाट्याने बाईंना हात जोडले.